रोग म्हणजे शरीरात नेमके काय बिघडते, आणि त्या बिघाडाचे नाव कसे ठरते

पाय सुजल्याची तक्रार घेऊन चार जण डॉक्टरकडे आले आहेत, अशी कल्पना करू. चौघांची तक्रार एकच आहे आणि वरवर पाहता चौघांचे पायही सारखेच दिसतात. मात्र पहिल्याचे हृदय अशक्त झाले आहे, दुसऱ्याची मूत्रपिंडे रक्तातले प्रथिन लघवीवाटे बाहेर जाऊ देत आहेत, तिसऱ्याच्या लसीकावाहिन्या हत्तीरोगाच्या कृमींमुळे निकामी झाल्या आहेत आणि चौथ्याच्या पायावरच्या लहानशा जखमेत जिवाणू शिरले आहेत. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पहिल्याला आराम पडेल, तिसऱ्याला तिचा फारसा उपयोग होणार नाही आणि चौथ्याला ती देत बसले, तर अँटिबायोटिक सुरू करण्याचा मोलाचा वेळ हातचा जाईल. लक्षण एक असताना उपचार इतके निराळे का, याचा उलगडा करणाऱ्या शास्त्राला विकृतिशरीरक्रियाशास्त्र म्हणतात. वैद्यकाचे विद्यार्थी आणि डॉक्टर त्याला सर्रास पॅथोफिजिऑलॉजी म्हणतात, आणि तोच शब्द पुढे वापरलेला आहे.

सूज कशी येते हे जरा बारकाईने पाहिले, तर या शास्त्राची विचार करण्याची पद्धत लगेच ध्यानात येते. शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात आणि त्यांच्या भिंती पाण्याला पूर्णपणे अडवत नाहीत. आतला रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, तर रक्तातली प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. या ओढाताणीत जे थोडे पाणी बाहेर उरते, ते लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडतात. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये या दोन विरुद्ध बलांचे गणित मांडले. त्यात नंतर पुष्कळ सुधारणा झाल्या असल्या, तरी त्याचा गाभा अजून टिकून आहे. या गणितात सूज येण्याच्या वाटा मोजक्याच निघतात. हृदय अशक्त झाले की शिरांमध्ये रक्त तुंबते आणि आतला दाब वाढतो. मूत्रपिंडातून प्रथिन गळू लागले की पाणी धरून ठेवणारी ओढ कमी पडते. अशा काही रुग्णांच्या लघवीतून दिवसाला साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिन जाते. लसीकावाहिन्या बंद पडल्या की बाहेर उरलेले पाणी परत नेणारे कोणी राहत नाही. जिवाणूंचा संसर्ग झाला की केशवाहिनीची भिंतच अधिक सच्छिद्र होते आणि पाण्याबरोबर प्रथिनेही बाहेर पडतात. वरचे चार रुग्ण या चार वाटांवरचे आहेत. प्रत्यक्षात एकाच रुग्णात दोन-तीन वाटा एकत्र आलेल्या सापडतात, आणि तेथेच अनुभवी डॉक्टरचा कस लागतो.

रोगाकडे असे पाहू लागले की तो बाहेरून शरीरात येऊन बसलेली एखादी वस्तू वाटेनासा होतो. रोग ही एक घडामोड आहे. तिला सुरुवात असते, टप्पे असतात, आणि पुष्कळदा त्यातले मधले टप्पे बराच काळ कोणाच्या लक्षातही येत नाहीत. अभ्यासाच्या सोयीसाठी या घडामोडीचे चार भाग पाडले जातात. पहिले मूळ कारण. दुसरे रोगजनन, म्हणजे कारणापासून परिणामापर्यंत पोचणारी यंत्रणा. तिसरे पेशींच्या आणि अवयवांच्या रचनेत झालेले बदल, जे सूक्ष्मदर्शकाखाली किंवा तपासणीत दिसतात. चौथी लक्षणे आणि चिन्हे. रुग्णाला जे जाणवते आणि तो जे सांगतो ते लक्षण. डॉक्टरला तपासताना जे आढळते ते चिन्ह. धाप लागणे हे लक्षण झाले आणि स्टेथोस्कोपने छातीत ऐकू येणारी घरघर हे चिन्ह झाले. बोलताना आपण दोन्हींना लक्षणच म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही, पण नोंद करताना हा फरक पाळावा लागतो.

यातले ‘कारण’ हे प्रकरण वाटते तितके सरळ नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जिवाणू दाखवून दिला आणि एक रोग, एक जंतू, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. पण जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जिवाणू शिरलेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती त्या जिवाणूला कोंडून ठेवते. कुपोषण, मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग, धूम्रपान किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांमुळे तो पहारा ढिला पडला की आजार डोके वर काढतो. जिवाणूशिवाय क्षयरोग होत नाही हे खरे, पण जिवाणू शिरला म्हणून तो होतोच असेही नाही. जे कारण लागतेच आणि जे एकटे पुरेसे असते, या दोहोंची गल्लत केल्यामुळे आरोग्यविषयक चर्चेत जितका गोंधळ होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. काही आजारांत तर असे एकही कारण हाती लागत नाही. उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत आनुवंशिकता, मीठ, वजन, वय अशा अनेक गोष्टी थोडा थोडा हातभार लावतात.

समतोल आणि त्याची राखण

काय बिघडले हे कळायचे तर काय सुरळीत चालले होते ते आधी माहीत हवे. शरीराचे आतले वातावरण बाहेरच्या उलथापालथीतही जवळजवळ स्थिर राहते, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये तिला होमिओस्टॅसिस हे नाव दिले; मराठीत तिला समस्थिती म्हणता येईल. रक्ताचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा पीएचचा आकडा, ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. उपाशीपोटी रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम असते. पोटॅशियमही असेच जपून राखले जाते, कारण ते थोडे जास्त वाढले तरी हृदयाची लय बिघडू शकते. ही स्थिरता स्तब्धतेतून येत नाही. मेंदू, मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि संप्रेरके मिळून क्षणोक्षणी मोजमाप करतात, चूक हेरतात आणि दुरुस्ती करतात, म्हणून ती टिकते.

ताप हे याचे उत्तम उदाहरण आहे, कारण त्यात एक बारीक भेद दडलेला आहे. संसर्ग झाल्यावर प्रतिकारशक्तीच्या पेशी काही रासायनिक संदेश सोडतात, त्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि तेथील तापमानाची ठरलेली पातळी वर सरकते. ३७ अंश हे तापमान आता शरीराला कमी वाटू लागते. म्हणून थंडी वाजते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, अंग थरथरते आणि उष्णता साठू लागते. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करते, पातळी पुन्हा खाली येते, घाम फुटतो आणि ताप उतरतो. उष्माघातातही अंग तापलेले असते, पण तेथे मेंदूने ठरवलेली पातळी मुळीच हललेली नसते. बाहेरून आलेली किंवा श्रमाने तयार झालेली उष्णता शरीराला वेळेत बाहेर टाकता आलेली नसते, एवढेच. त्यामुळे उष्माघातात पॅरासिटामॉल निरुपयोगी ठरते आणि शरीर बाहेरून तातडीने थंड करणे हाच उपाय उरतो. तापमापकावर दोन्हीकडे एकच आकडा दिसेल; पण तो आकडा कसा आला हे माहीत नसेल, तर चुकीचा उपचार होईल.

पेशीच्या पातळीवर

रुडॉल्फ विर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये ठामपणे मांडले की रोगाचे मूळ पेशीत शोधले पाहिजे. आज हे इतके स्वाभाविक वाटते की त्याआधी रोगांचा उगम शरीरातल्या द्रवांच्या असंतुलनात मानला जात असे, याचे नवल वाटावे. पेशीला इजा होण्याची कारणे अनेक आहेत: ऑक्सिजनचा तुटवडा, विषारी द्रव्ये, जंतू, प्रतिकारशक्तीचा स्वतःच्याच शरीरावरचा हल्ला, जनुकांतले दोष, पोषणातील उणीव किंवा अतिरेक, उष्णता, किरणोत्सर्ग. इजा सौम्य असेल तर पेशी जुळवून घेते. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असेल तर हृदयाच्या डाव्या कप्प्याचे स्नायू जाड होतात. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासनलिकेतले केसाळ, नाजूक अस्तर जाऊन त्या जागी अधिक चिवट अस्तर येते. ते धुराला तोंड देते, पण कफ वर ढकलण्याचे काम त्याला जमत नाही, आणि हेच बदललेले अस्तर पुढे कर्करोगाकडे झुकू शकते. जुळवून घेण्याची किंमत अशी नंतर मोजावी लागते.

जुळवून घेण्याची मर्यादा ओलांडली की काय होते, याचे चित्र हृदयविकाराच्या झटक्यात सर्वांत स्पष्ट दिसते. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने अचानक बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूपेशींना ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि काही सेकंदांतच त्यांची ऊर्जानिर्मिती कोलमडू लागते. एक-दोन मिनिटांत त्या भागाचे आकुंचन मंदावते. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे पेशीच्या आवरणावरचे पंप ऊर्जेअभावी थकतात, पेशीत सोडियम आणि त्याच्या मागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. इथपर्यंतची इजा भरून येऊ शकते. रक्तपुरवठा परत मिळाला तर पेशी वाचते. सुमारे २० ते ४० मिनिटांनंतर मात्र परतीची वाट बंद होऊ लागते. पेशीचे आवरण फाटते आणि ट्रोपोनिन हे आतले प्रथिन रक्तात उतरते. छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या रक्तात डॉक्टर जे ट्रोपोनिन शोधतात, ते म्हणजे मेलेल्या किंवा इजा झालेल्या पेशींतून गळालेला ऐवज. हा नाश हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे काही तासांत पसरत जातो, म्हणून धमनी जितकी लवकर उघडावी तितका अधिक स्नायू हाती राहतो. झटक्याच्या उपचारात घड्याळाला इतके महत्त्व का दिले जाते, ते या अर्ध्या-पाऊण तासाच्या हिशेबातून कळते.

पुढची कथा झटक्यापेक्षाही बोधप्रद आहे. मेलेला स्नायू हळूहळू साफ केला जातो आणि काही आठवड्यांत त्या जागी व्रण तयार होतो, पण व्रण आकुंचन पावत नाही. हृदय कमी रक्त फेकू लागते. मूत्रपिंडांपर्यंत कमी रक्त पोचते, आणि हृदय अशक्त झाले आहे की शरीरातले रक्तच कमी झाले आहे, हे कळण्याचे साधन मूत्रपिंडांकडे नसते. रक्तस्राव झाल्यावर जे करायचे, तेच ती करतात. रेनिन हे द्रव्य सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आकसतात, अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवले जाते. जोडीला हृदयाचे ठोके वाढतात. जखम होऊन रक्त वाहून गेले असते तर याच प्रतिक्रियेने प्राण वाचवले असते. इथे मात्र अशक्त हृदयाला आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध अधिक जोर लावावा लागतो, अंगात पाणी साचते, हृदयाचा आकार ताणला जातो आणि ते आणखी अशक्त होते. हे दुष्टचक्र उमगल्यावर उपचारांची दिशाच पालटली. अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणारी औषधे १९८० च्या दशकात आली आणि त्यांनी रुग्णांचे आयुष्य वाढवले. त्याहून आश्चर्य म्हणजे हृदयाचा जोर कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे पूर्वी अशा रुग्णांना निषिद्ध मानली जात, आणि पुढे तीच, अगदी लहान मात्रेपासून सावकाश वाढवत दिली असता, आयुष्य वाढवतात असे सिद्ध झाले. थकलेल्या हृदयाला अधिक जोर लावणारे औषध द्यावे, हा सरळ तर्क अपुरा निघाला. रोगाची बरीचशी हानी मूळ इजेतून न होता तिला शरीराने दिलेल्या उत्तरातून होते, ही गोष्ट पॅथोफिजिऑलॉजी शिकताना सर्वांत उशिरा पचनी पडते आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे.

दाहाच्या बाबतीतही हेच घडते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार चिन्हे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आहेत. दाह म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना इजेच्या जागी पोचवण्याची व्यवस्था. ती नसती तर साधी जखमही जिवावर बेतली असती. पण संधिवाताच्या काही प्रकारांत ती कोणताही जंतू नसताना स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते आणि थांबत नाही. प्रतिकारशक्ती आपल्या आणि परक्या पेशींत फरक करायला चुकली की जे आजार होतात, त्यांना स्वयंप्रतिकारक आजार म्हणतात.

पेशी मरते तेव्हा प्रत्येक वेळी काही बिघडलेलेच असते असे नाही. शरीर रोज असंख्य पेशी ठरवून, शिस्तीत, दाह न होऊ देता संपवते. या नियोजित मृत्यूला ॲपॉप्टोसिस म्हणतात आणि त्याला हे नाव १९७२ मध्ये दिले गेले. जी पेशी मरायला हवी होती ती मेली नाही, विभागतच राहिली, तर कर्करोगाची वाट मोकळी होते.

वर्गीकरण कोणत्या धाग्याने करायचे

रोगांची विभागणी कशी करावी, याची उत्तरे त्या त्या काळाला जे दिसू शकत होते त्यावर अवलंबून राहिली. सतराव्या शतकात टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने सुचवले की वनस्पतींच्या जाती ओळखतात तसे रोगही त्यांच्या लक्षणांवरून नीट न्याहाळून वेगळे करावेत. वनस्पती आणि प्राण्यांचे वर्गीकरण करणारे कार्ल लिनियस स्वतः वैद्य होते आणि त्यांनी १७६३ मध्ये रोगांचेही वर्गीकरण प्रसिद्ध केले. अशा याद्यांत एक दिवस आड येणारा ताप आणि दोन दिवस सोडून येणारा ताप हे वेगळे रोग मानले जात. त्याला हसण्याचे कारण नाही. अल्फोन्स लाव्हेराँ यांना १८८० मध्ये मलेरियाचा परजीवी दिसला, आणि त्यानंतर काही वर्षांत कामिलो गोल्जी यांनी दाखवले की परजीवीच्या वेगवेगळ्या जाती रक्तपेशी फोडून बाहेर पडायला साधारण ४८ किंवा ७२ तास घेतात आणि तापाचा वेळ त्यावरच ठरतो. नुसत्या निरीक्षणातून केलेल्या विभागणीने योग्य ठिकाणी रेघ ओढली होती, फक्त त्यामागचे कारण तिला ठाऊक नव्हते.

इटलीच्या जोव्हान्नी मोर्गान्यी यांनी १७६१ मध्ये शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे रोगाचे स्थान अवयवांत दाखवले, विर्खो पेशीपर्यंत उतरले, कॉख यांनी जंतूवर बोट ठेवले, आणि १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूचा आजार असल्याचे सांगितले. काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने हा आजार होतो, हे शोधून काढले. एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे ऑक्सिजन कमी झाल्यावर हिमोग्लोबिनच्या लांब काड्या तयार होतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात. कारणापासून लक्षणापर्यंतची साखळी इतकी सलग फार थोड्या रोगांत दाखवता येते.

या प्रत्येक पायरीवर जुनी पद्धत पूर्णपणे टाकून दिली गेली नाही. नवी तिच्या शेजारी येऊन बसली. त्यामुळे आज एकाच आजाराला अनेक पट्ट्या चिकटवता येतात आणि त्या सगळ्या बरोबर असतात. न्यूमोनियाचेच पाहू. तो फुप्फुसाचा आजार आहे, तो संसर्ग आहे, तो जिवाणूचा, विषाणूचा किंवा बुरशीचा असू शकतो, तो तीव्र म्हणजे अचानक उद्भवणारा आहे, आणि तो समाजात वावरताना झाला की रुग्णालयात दाखल असताना, हेही महत्त्वाचे आहे. ही शेवटची विभागणी प्रथमदर्शनी अशास्त्रीय वाटेल. पण रुग्णालयातल्या जिवाणूंवर नेहमीची अँटिबायोटिक्स पुष्कळदा चालत नाहीत, आणि जंतू नेमका कोणता हे प्रयोगशाळेतून कळायला दोन दिवस लागू शकतात. तोवर औषध निवडायचे असते, आणि त्या घडीला संसर्ग कुठे झाला हीच माहिती सर्वांत कामाची ठरते. वर्गीकरण खरे की खोटे, यापेक्षा ते कोणत्या निर्णयासाठी केले आहे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

मधुमेहात हा फेरबदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. पूर्वी त्याचे लहानपणी होणारा आणि मोठेपणी होणारा, किंवा इन्सुलिनवर अवलंबून असलेला आणि नसलेला, असे भाग पाडत. पहिली विभागणी वयाची आणि दुसरी उपचाराची. यंत्रणेबद्दल दोन्ही गप्प. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने उपचारावर आधारलेली नावे सोडून यंत्रणेवर आधारलेली विभागणी स्वीकारली आणि ती जगभर रुळली. पहिल्या प्रकारात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बहुधा स्वयंप्रतिकारक हल्ल्यात नष्ट होतात. दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि स्वादुपिंड ती तूट भरून काढता काढता कमी पडते. याखेरीज एकेका जनुकातल्या दोषामुळे होणारे काही विरळ प्रकार आहेत. त्यातल्या एका प्रकारात साखर थोडीशी वर राहते आणि बहुतेकांना औषधाची गरजच पडत नाही. दुसऱ्या एका प्रकारात पहिला प्रकार समजून इन्सुलिनवर ठेवलेले रुग्ण साध्या गोळ्यांवर उत्तम राहू शकतात. नाव बरोबर पडले की काही रुग्णांची रोजची सुई कायमची सुटते.

जठरातल्या व्रणाचे, म्हणजे अल्सरचे, घर तर पूर्णच बदलले. अनेक दशके तो ताणतणावाचा आणि आम्लाचा आजार समजला जाई. १९८० च्या दशकाच्या आरंभी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवून दिला, आणि बहुतांश अल्सरमागे तो किंवा वेदनाशामक गोळ्या असतात हे हळूहळू मान्य झाले. २००५ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. आयुष्यभर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या अनेक रुग्णांना अँटिबायोटिकचा एक-दोन आठवड्यांचा उपचार पुरू लागला.

यंत्रणा माहीत नसताना वापरायला एक प्रामाणिक शब्द वैद्यकात आहे, तो म्हणजे सिंड्रोम. ठराविक लक्षणे आणि चिन्हे वारंवार एकत्र आढळतात, पण त्यांना बांधणारा धागा सापडलेला नाही, एवढेच तो सांगतो. एड्सचे वर्णन १९८१ मध्ये झाले, त्याचा विषाणू १९८३ मध्ये सापडला, आणि सिंड्रोम हा शब्द मात्र नावाच्या शेवटी राहून गेला. डाऊन सिंड्रोमचेही तसेच. २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत त्यामागे आहे हे १९५९ पासून माहीत आहे.

सर्वांत निसरडी जागा आकड्यांवर ठरणाऱ्या रोगांची आहे. लोकसंख्येतला रक्तदाब सलग पसरलेला असतो. निसर्गाने त्यात कुठेही कुंपण घातलेले नाही. अनेक वर्षे १४०/९० ही रेघ मान्य होती. २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती १३०/८० वर आणली, आणि उच्च रक्तदाब असलेल्या अमेरिकी प्रौढांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. कोणाच्याही धमनीत त्या दिवशी काही बदलले नव्हते. तरीही ही रेघ मनमानी नाही, कारण धोका तिच्या अलीकडेच वाढू लागतो. तो कुठपासून उपचारयोग्य मानायचा, हा मात्र विज्ञानाच्या जोडीने तारतम्याचा निर्णय असतो. आणि तारतम्य चुकूही शकते. समलैंगिकतेला जागतिक यादीत रोग म्हणून स्थान होते आणि ते १९९० मध्ये काढून टाकण्यात आले. यादीत नोंद झाली की तिला आपोआप वैज्ञानिक वजन येते, म्हणून नोंद करणाऱ्यांवरची जबाबदारीही मोठी असते.

ती जागतिक यादी म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, ज्याला सर्वत्र आयसीडी म्हणतात. तिचा उगम उपचारांत नसून मृत्यूच्या नोंदींत आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहाव्या आवृत्तीपासून ती हाती घेतली आणि जिवंत रुग्णांचे आजारही तिच्यात समाविष्ट झाले. सध्याची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. प्रत्येक आजाराला एक सांकेतिक क्रमांक मिळत असल्याने त्याचे मुख्य घर एकच ठरवावे लागते, आणि तेथे तडजोड अटळ असते. फुप्फुसाचा क्षयरोग श्वसनाच्या प्रकरणात नसून संसर्गाच्या प्रकरणात आहे, आणि फुप्फुसाचा कर्करोग गाठींच्या प्रकरणात. पक्षाघात दहाव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या आजारांत होता, कारण बिघाड रक्तवाहिनीत होतो. अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या आजारांत गेला, कारण इजा मेंदूला होते आणि उपचारही त्याच शाखेचे डॉक्टर करतात. दोन्ही बाजूंना चांगले युक्तिवाद आहेत.

मृत्यूच्या दाखल्यात पॅथोफिजिऑलॉजी आणि वर्गीकरण थेट एकमेकांना भिडतात. दाखल्यावर कारणे एकाखाली एक अशी लिहायची असतात: वरच्या ओळीत मृत्यूला थेट कारणीभूत ठरलेली स्थिती, तिच्याखाली ती ज्यामुळे उद्भवली ते, आणि सर्वांत खाली ज्या आजाराने ही साखळी सुरू केली तो. उदाहरणार्थ, वर हृदयाची तीव्र अकार्यक्षमता, खाली हृदयविकाराचा झटका, त्याखाली हृदयाच्या धमन्यांचे काठिण्य. मधुमेह असल्यास तो हातभार लावणारा आजार म्हणून वेगळा नोंदवला जातो. देशाच्या आकडेवारीत साधारणपणे खालची ओळ मोजली जाते, कारण मृत्यू टाळायचा असेल तर साखळी तेथे तोडावी लागते. ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेला दाखला या कामी येत नाही. हृदय प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते, आणि अशा नोंदीवरून मूळ आजार संसर्ग होता, कर्करोग होता की धमनीचा होता, हे नंतर कोणालाही शोधता येत नाही.